हँडलची पट्टी

फिटर निवृत्त झाला त्या दिवशी कारखान्याने त्याला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ज्या माणसाने चौतीस वर्षं भोंग्याच्या तालावर काढली, त्याला आता वेळ बघायची गरज उरली नाही तेव्हा घड्याळ द्यायचं, ही अक्कल कारखान्यांनाच सुचते. त्याने ते घरी आणलं, मागून उघडून पाहिलं, आत सगळं प्लास्टिक निघालं म्हणून नाक मुरडलं आणि बाहेरच्या खोलीत टांगलं. ते दिवसाला दोन मिनिटं पुढे पळतं, हे त्याने चौथ्या दिवशीच शोधून काढलं आणि पुढचे पाच दिवस बायकोला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. ती अलीकडे सगळंच ऐकून घेत असे.

कारखान्यात तो दुरुस्ती खात्यात होता. तिथे पंप यायचे. चिखलाने माखलेले, कुणाच्या हँडलला चिंधी गुंडाळलेली, कुणाच्या अंगावर खडूने काहीबाही खरडलेलं. बाकीचे फिटर आधी बिघाड शोधायचे. हा गडी आधी सगळं उतरवायचा. चिंधी, खडू, जुना रंग, तेलाचे थर, काही म्हणून ठेवायचा नाही. मग एकेक भाग रॉकेलात बुडवायचा, ब्रशने घासायचा आणि धातू आपल्या मूळ रंगावर आला की मगच त्याच्याकडे नीट बघायचा. घाणीत बिघाड दिसत नाही, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. त्याच्या हातून गेलेला पंप पुन्हा दुरुस्तीला येत नाही, हे त्याच्यावर खार खाणारेही कबूल करत. खात्यात त्याला रॉकेलशेठ म्हणायचे. वरून तो चिडायचा, पण आतून त्याला ते आवडायचं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूला लांबट गॅलरी. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, दर रविवारी फोन करायची. मुलगा अडीच वर्षांपूर्वी वारला. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेला आणि अकराव्या दिवशी त्याला घरी आणलं. सव्वीस वर्षांचा होता.

त्याला सगळे लंबू म्हणत. आईबाप दोघेही बेताच्या उंचीचे, आणि हा कुणावर गेला देव जाणे, दाराच्या चौकटीला डोकं आपटत वाढला. घरात बल्ब बदलायला स्टूल लागत नसे. आईशी बोलताना तो आधी खाली वाकायचा, मग बोलायचा, आणि ती त्याच्या छातीवर चापट मारून म्हणायची, "वाकू नको, पाठीला पोक येईल." अशा माणसाला बाजारातली कुठलीच सायकल पुरेना. मग कुणा म्हाताऱ्याकडून त्याने एक जुनी पोलादी सायकल पैदा केली. शर्यतीची, खाली वळलेल्या हँडलची, बारीक चाकांची, गिअर बदलायचे दोन कान पुढच्या नळीवर. निळा रंग जागोजागी उडालेला. तिसऱ्या मजल्यावर खांद्यावरून घेऊन आला, तो कुणी लढाई जिंकून आल्यासारखा.

"ही माझ्याहून म्हातारी आहे," फिटर म्हणाला. "भंगारवाल्याने नाकारली म्हणून तुझ्या गळ्यात मारली."

"बाबा, पोलाद आहे. वाजवून बघा."

फिटरने नखाने नळी वाजवून पाहिली. आवाज खणखणीत होता. पण मुलाचं लगेच कबूल करेल तो बाप कसला. "आवाज चांगला म्हणून ढोलकीवर बसून कामाला जाशील काय?" असं म्हणून तो आंघोळीला गेला.

त्यानंतर लंबू त्याला अधूनमधून म्हणायचा, "बाबा, एका रविवारी बसूया दोघं. पूर्ण उघडूया हिला." फिटर म्हणायचा, पुढच्या रविवारी. सहा दिवस लोकांचे पंप उघडून आलेल्या माणसाला सातव्या दिवशी पाना हातात धरवत नाही, हे काही खोटं नव्हतं. पण पुढचा रविवार चार वर्षं पुढेच राहिला. लंबू तशीच ती सायकल चालवत राहिला, ऊन नाही, पाऊस नाही. मग तो गेला, आणि सायकल गॅलरीत कपड्यांच्या दोऱ्यांखाली उभी राहिली.

निवृत्तीनंतर पहिले चार महिने फिटरने गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून काढले. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचं, चष्मा पुसायचा, घड्याळाला शिव्या घालायच्या आणि परत तेच वर्तमानपत्र उलटं वाचत यायचं. बायकोशी बोलणं होई ते चहा, भाजी, विजेचं बिल एवढ्यापुरतं. भांडण नव्हतं. भांडायला सुद्धा दोघांना एका ठिकाणी यावं लागतं, ते त्यांना जमत नव्हतं. मुलाचं नाव काढलं की ती उठून आत जायची, आणि ती उठून जाते म्हणून तो नाव काढायचा नाही. तो नाव काढत नाही म्हणून तिला काय वाटत होतं, हे त्याने कधी विचारलं नाही.

त्या दिवसांत एक गोष्ट त्याच्या नजरेला आली होती. दुपारी तीनच्या सुमाराला बायको गॅलरीत यायची, वाळत घातलेले कपडे चाचपायची आणि त्याच्याकडे एकदा बघून आत जायची. थोड्या वेळाने परत यायची, परत चाचपायची. एकदा तो वर्तमानपत्राआडून म्हणाला, "त्या कपड्यांना ताप आलाय का? सारखी हात लावून बघतेस ते?" बोलून गेल्यावर त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली. ताप हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. दुसऱ्या दिवसापासून ती तीन वाजता गॅलरीत यायची थांबली.

मग एक दिवस त्याचं लक्ष सायकलच्या चेनकडे गेलं. तांबूस गंज, कड्या एकमेकींना चिकटलेल्या. इतके महिने ती समोर होती, पण मेलेल्या मुलाची वस्तू म्हणून तो तिच्याकडे डोळे भरून बघतच नव्हता. त्या दिवशी फिटर म्हणून बघितलं, आणि शरमेने त्याचे कान गरम झाले. रॉकेलशेठच्या घरात गंजलेली चेन. लंबू रविवार मागत होता, एवढंच मागत होता, आणि आता सातही वार रिकामे पडले होते. हा रविवार त्याला द्यायचाच, उशिरा का होईना, असं त्याने मनाशी ठरवलं. आणि सायकल नव्यासारखी झाली की बायकोला गॅलरीत बोलवायचं, तिला ती दाखवायची. मग कदाचित दोघं तिथे बसतील आणि मुलाचं नाव काढतील. हे दुसरं त्याने स्वतःशीही मोठ्याने म्हटलं नाही, पण खरं काम त्यासाठीच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गॅलरीत जुनी चादर अंथरली, पाने ओळीने मांडले, सायकल उलटी केली. बायको ओला टॉवेल पिळत दारात आली.

"काय करताय?"

"उघडतोय."

"सगळी?"

"सगळी. अर्धवट काम मला येत नाही."

ती टॉवेल हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. टॉवेलचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. "जपून करा," ती म्हणाली आणि आत गेली. त्याला वाटलं, कंबरेचं म्हणतेय. गेल्या वर्षी कंबर धरली होती त्याची.

कामाला लागल्यावर मात्र माणूस पालटला. सकाळी सहाला उठून, दाढी करून, डबा घेऊन कामाला जावं तसा तो गॅलरीत जायचा. चाकं काढली, चेन काढली, ब्रेकच्या वायरी ओढून काढल्या. बेअरिंगमधले छर्रे बशीत मोजून घेतले. गिअरची दातेरी चाकं एका दोऱ्यात क्रमाने ओवली, म्हणजे उलटसुलट व्हायला नकोत. बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे जमवून प्रत्येकावर कागद चिकटवला. पुढचं चाक, मागचं चाक, पेडल, ब्रेक. नट तर सोडाच, वाकडा झालेला वॉशरसुद्धा त्याने टाकला नाही. धातू टाकायचा नसतो, ही शिकवण त्याच्या हाडामांसात मुरलेली होती.

हँडलवर गुंडाळलेली कापडी पट्टी तेवढी टाकली. घामाने काळी पडून कडक झालेली, उजव्या बाजूला अंगठ्यापाशी तर झिजून दोरे निघालेले. सुरीने एक चीर दिली, सालीसारखी सोलून काढली. पुसायच्याही लायकीची नव्हती. कचऱ्याच्या बादलीत गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी बादली खाली गेली. खालच्या दांड्यावर चिकट डिंकाचे डाग राहिले होते, ते त्याने एमरी पेपरने घासले आणि मग तोंड दिसेपर्यंत चकाकी आणली.

रॉकेलचा वास घरभर पसरला. एरवी बायकोने घर डोक्यावर घेतलं असतं, पण ती काही म्हणाली नाही. चहा आणून उंबऱ्यावर ठेवायची, एकवार त्या पसाऱ्यावरून नजर फिरवायची, आणि वळायची. तो मान वर न करता बोलत राहायचा. छर्रे कसे बाद झालेत, सीटचं चामडं कसं फाटलंय आणि नवी सीट घ्यावी लागेल, रिमला कुठे बाक आलाय. त्याला बोलायला विषय मिळाला होता. जेवताना तो दोनदा मागून घ्यायला लागला. एकदा हात धुताना चक्क शीळ घातली. ती ताटं उचलता उचलता थांबली होती, हे त्याने पाहिलं नाही.

दोन महिने असे गेले. जुना रंग खरवडून काढला, अस्तराचे दोन हात दिले आणि त्यावर नवा निळा चढवला, लंबूच्या सायकलीचा होता त्याहून एक छटा उजळ, पण दुकानात तोच जवळचा मिळाला. नवी चेन, नव्या वायरी, नवी सीट. हँडलला नवी पट्टी, पांढरी शुभ्र. सायकलवाल्याने ती गुंडाळायची कशी हे दाखवलं, तरी याने घरी येऊन तीनदा उलगडून परत गुंडाळली, कारण वळसे सारखे पडत नव्हते.

एका गोष्टीने मात्र त्याच्या नाकी नऊ आणले. सीटचा दांडा हलेना. दांडा ॲल्युमिनियमचा, सांगाडा पोलादाचा. दोन धातू वर्षानुवर्षं घाम-पावसात राहिले की एकमेकांना असे धरतात की वेगळे करायला जीव काढावा लागतो. लंबूने एकदा आपल्या पायांच्या मापाने सीट उंच केली आणि परत कधी हात लावला नाही. त्याच्या उंचीचं दुसरं कोण होतं चालवायला. फिटरने तेल सोडलं, लाकडी हातोडीने ठोकलं, पाना लावून त्यावर पाइप चढवला. दांडा जागचा ढळला नाही. शेवटी त्याने कारखान्यातल्या वेल्डरला फोन केला. वेल्डर म्हणाला, सोमवारी सकाळी गॅसची टॉर्च घेऊन येतो, आच देऊ, नाहीच निघाला तर कापू. म्हणून सीटखालची ती एक नळी फिटरने न खरवडता, न रंगवता तशीच ठेवली होती. रंग जळणारच, तर आधी मेहनत कशाला. बाकी सायकल आरशासारखी आणि मधली नळी जुन्या, टवके उडालेल्या निळ्या रंगाची. त्याला ते बघवत नव्हतं.

पण धीर धरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. रविवारी दुपारी मुलीचा फोन होऊन गेल्यावर त्याने गॅलरी झाडली, चादर गुंडाळली, सायकल भिंतीपासून पुढे घेऊन मधोमध उभी केली, आणि हाक मारली.

"अगं, जरा इकडे ये."

ती पदराला हात पुसत आली. दारात थांबली. तो चाक उचलून फिरवून दाखवायला लागला. "बघ, आवाज येतो का? काही नाही. आता बघ, हा ब्रेक." चाक एका जागी थांबलं. "छर्रे सगळे नवे. रंग एकदम तोच नाही, पण कुणाला कळणारही नाही. मधली नळी तेवढी राहिली, ती उद्या वेल्डर आल्यावर. सीट खाली घेता आली की मीच खाली एक चक्कर मारीन. तू वरून बघ."

ती जवळ आली. सायकलभोवती फिरली नाही, रंग पाहिला नाही. थेट उजव्या हाताने हँडलची वळलेली बाजू धरली. क्षणभर तशीच राहिली, मग हात उचलला आणि तळव्याकडे बघितलं.

"याच्यावरची जुनी पट्टी टाकलीत ना?"

"ती? टाकली. कुजली होती पार."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. का?"

ती कठड्याला पाठ टेकवून खाली बसली, त्या गार फरशीवर, जिथे ती कधी बसत नसे. फिटरला आधी वाटलं चक्कर आली. तो पाणी आणायला वळला तर म्हणाली, "पाणी नको. बसा."

तो बसला. दोघांच्या मध्ये सायकल होती. तिच्या स्पोकांतून त्याला बायकोचा चेहरा तुकड्यातुकड्याने दिसत होता.

"तुम्ही कामावर होतात तोवर मी रोज तीनला इथे यायचे," ती म्हणाली. "सगळं आवरून. त्या पट्टीला अंगठ्याजवळ खड्डा पडला होता. त्याच्या हाताचा. माझा अंगठा त्यात बसायचा. पूर्ण नाही, त्याचा मोठा होता. पण बसायचा. पाचपर्यंत उभी राहायचे कधी कधी. बोलायचे काहीबाही. पाचला जिन्यात तुमच्या चपला वाजायच्या, मग आत जायचे."

फिटरला एकदम ते कपडे आठवले. दिवसातून चारदा चाचपले जाणारे, कोरडे ठणठणीत कपडे.

"मग तुम्ही घरी बसलात," ती म्हणाली. यात तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "तुमच्यासमोर कशी येणार? दाराशीच खुर्ची टाकली होतीत."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? की सायकलीचा हात धरून उभी राहते म्हणून?"

त्याने पेडल नुसतंच मागे फिरवलं.

"तुम्ही उघडायला घेतलीत तेव्हा म्हटलं, पट्टी काढली तरी ठेवतील. तुम्ही काही टाकत नाही ना कधी. तुम्ही दुकानात गेलात की तुमचे डबे बघायचे. एकेक डबा उघडून पाहिलाय मी. वाकडे खिळेसुद्धा जपून ठेवलेत तुम्ही." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "म्हटलं, कुठेतरी दुसरीकडे ठेवली असेल. आठवडाभर शोधली. मग कळलं."

"तेव्हा तरी बोलायचंस."

"तेव्हा टाकून झाली होती. बोलून आली असती का? आणि तुम्ही दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवत होतात. शीळ घातलीत एकदा. मी म्हटलं, एकाचं तरी चालू दे."

फिटरने हाताकडे बघितलं. नखांत अजून निळा रंग होता. चौतीस वर्षं या हातांनी लोकांनी बांधलेल्या चिंध्या सोडून फेकल्या होत्या, एकदाही विचार केला नव्हता की त्या कुणी बांधल्या, का बांधल्या. त्याच हातांनी, त्याच सवयीने, त्याने आपला मुलगा सायकलवरून पुसून काढला होता. रॉकेलने. घासून. चकाकी येईपर्यंत. आणि बायकोला बोलावून दाखवलं होतं, बघ कसं झालंय.

तो रडला. मोठ्याने नाही, पण लपवून नाही. मुलाला घेऊन गेले त्या दिवशीही तो तिच्यासमोर रडला नव्हता, जिन्यात जाऊन उभा राहिला होता. ती उठली नाही, पण आतही गेली नाही.

बाहीने डोळे पुसून तो म्हणाला, "त्याला एक रविवार दिला नाही मी. चार वर्षं मागत होता."

"माहीत आहे. मला सांगायचा."

"काय म्हणायचा?"

"रागवायचा नाही. म्हणायचा, बाबांनी हात लावला तर ही पार नवी होईल. मला नवी नकोय. मला बाबांच्या शेजारी बसायचंय."

बाहेरच्या खोलीत घड्याळाने आपली घाई चालूच ठेवली होती. संध्याकाळी फिटर खाली गेला आणि फाटकाजवळच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यापाशी जाऊन उभा राहिला. दोन महिने होऊन गेले होते, डबा रोज रिकामा होत होता, हे त्यालाही कळत होतं. तरी त्याने झाकण उघडून आत पाहिलं.

सोमवारी सकाळी वेल्डर टॉर्च, नळी, चष्मा असं लटांबर घेऊन तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आला. "रॉकेलशेठ, लिफ्ट बसवून घ्या," म्हणाला. चहा प्यायला, सायकलभोवती फिरला, मान डोलावली. मग सीटखाली वाकला. "वहिनी, एक ओलं फडकं द्या. दहा मिनिटांत दांडा मोकळा करतो बघा."

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने फडकं आणलं नव्हतं. फिटरने तिच्याकडे बघितलं. ती वेल्डरकडे बघत नव्हती, सीटकडे बघत होती. सीट नवी होती, पण होती तिथेच होती. लंबू सायकलजवळ उभा राहिला की त्याच्या कंबरेला लागायची तिथे.

"नको," फिटर म्हणाला.

"काय नको?"

"राहू दे. आच द्यायची नाही."

"अरे, म्हणजे अडकलेलाच ठेवणार? आणि ही नळी अशी? बाकी सगळं इतकं झकास करून?" वेल्डरने चष्मा कपाळावर चढवला. "जे हलायला पाहिजे ते हललंच पाहिजे, हे मला तूच शिकवलंस. आयुष्यभर डोकं खाल्लंस त्यावरून."

"शिकवलं असेल. उचल तुझं सामान, तुला जिना उतरायला मदत करतो."

वेल्डर मित्र होता, वेडा नव्हता. त्याने एकदा वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने नळी गुंडाळायला लागला.

त्या दुपारी जेवण झाल्यावर फिटर गॅलरीच्या दाराशी ठेवलेली खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत घेऊन गेला. घड्याळात तीन वाजायला आले तेव्हा, म्हणजे खरे दहा-पंधरा मिनिटं कमीच असतील, त्याने शर्ट चढवला आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"खाली. पाचच्या आत येत नाही."

"उन्हात काय करणार तिथे?"

"बसेन कुठेतरी," तो म्हणाला. "येताना जिन्यात चपला वाजवतो."

तो समोरच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. तिथून त्यांची गॅलरी दिसत नव्हती, ती मागच्या बाजूला होती. म्हणूनच त्याने ती जागा निवडली होती. लोक जात-येत होते. पाच वाजता तो उठला आणि चपला नेहमीपेक्षा जोरात आपटत जिना चढला.

ती चहा करत होती. पाठमोरीच म्हणाली, "नव्या पट्टीवर हात घसरतो."

"होईल नीट. वापरून वापरून बसते ती."

"कोण वापरणार?" ती म्हणाली.

तिने कप त्याच्यापुढे ठेवला आणि दुसरा घेऊन समोर बसली. दोघांनी चहा घेतला.

तो रोज जायला लागला. पायरीवर बसून बसून शेजारच्या चांभाराशी त्याची ओळख झाली, चांभाराचा बसायचा डगमगता बाक फिटरने एक दिवस ठोकून सरळ करून दिला. पाच वाजता चपला वाजवत वर यायचं. घरात तिने स्वतःहून मुलाचं नाव दोन-तीनदा काढलं. एकदा बल्ब गेला तेव्हा, एकदा उगाचच. तो उठून गेला नाही, आणि तीही गेली नाही. बरं झालं असं काही म्हणता येणार नाही. जे गेलं होतं ते काही पट्टीपुरतं नव्हतं, आणि पट्टीही परत आली नव्हती.

पावणेदोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, फिटर सायकल पुसायला बसला. धूळ साचलेली त्याला खपत नसे, आणि पुसायला आता बायकोची हरकत नव्हती. चाकं पुसली, चेनला थेंबभर तेल दिलं, मधल्या जुन्या नळीला वळसा घालून बाकीचे दांडे पुसले. मग फडकं हँडलवर आलं. उजव्या बाजूला, जिथे दांडा खाली वळतो तिथे, पांढऱ्या पट्टीवर एक करडा डाग पडला होता. अंगठ्याएवढा. मोठ्या नाही, बारक्या अंगठ्याएवढा. पट्टी तिथे किंचित दबलीही होती.

तो डाग लंबूचा नव्हता. लंबूच्या हाताचं त्या सायकलवर आता काही उरलं नव्हतं, ते याने आपल्या हाताने काढलं होतं, आणि त्याला ते मरेपर्यंत विसरता येणार नव्हतं. हा डाग तिचा होता, रोज तीन ते पाचचा.

फडक्याला रॉकेल लावलेलं होतं. एका हातात निघाला असता. त्याने फडक्याची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि हँडलची डावी बाजू तेवढी कोरड्या हाताने पुसून तो उठला.